आजीबाईचा बटवा प्रवासाला निघतो तेव्हा

प्रवासाला निघालेल्या मंडळींत एक डॉक्टर आहे हे कळलं की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे गाडीने पुढचं स्टेशन गाठायच्या आत सगळ्यांच्या रिपोर्टच्या फायली तुमच्या मांडीवर येऊन पडतात. दुसरी म्हणजे खरोखर कोणी आजारी पडलं की तुमच्याकडे कोणीच येत नाही. आधी बटवा उघडतो. त्यातलं ओवा, सुंठ, हिंग, जायफळ, लवंग असं सगळं करून झालं की मग कोणीतरी तुमच्या सीटपाशी येऊन म्हणतं, "तसं काही विशेष नाही, पण जरा बघता का?"

आईच्या भजनी मंडळाबरोबर मी गाणगापूर, रामेश्वर आणि चारधाम असे तीन मोठे प्रवास केले आहेत. मला या बटव्याचा राग येत नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी स्वतः वापरते. माझी तक्रार वेगळी आहे. बटव्यातल्या प्रत्येक वस्तूबरोबर प्रमाण सांगितलेलं असतं: चिमूटभर, अर्धा चमचा, दोन वेढे उगाळून. पण किती वेळ वाट बघायची, हे कुठेच सांगितलेलं नसतं. घरी ते सांगायची गरजही नव्हती. तिथे उशाशी एखादी अनुभवी बाई बसलेली असायची. पोराचे डोळे बघून, पोटाला हात लावून ती ठरवायची की आता पुरे, डॉक्टरकडे न्या. प्रवासात बटवा बरोबर येतो आणि ती बाई घरी राहते. शिवाय घरी दवाखाना चार गल्ल्या पलीकडे असतो, घाटात तो चार तास पलीकडे असतो.

म्हणून आमच्या मंडळात मी एक खोड लावली आहे. कोणी काहीही उगाळायला घेतलं की विचारते, "हे किती वाजेपर्यंत करून बघायचं?" सुरुवातीला सगळ्या हसायच्या.

सर्वांत निरुपद्रवी प्रकार घाटातल्या उलट्यांचा. याच्यावर आपल्याकडे जेवढे उपाय आहेत तेवढे बहुधा दुसऱ्या कशावरच नसतील. लिंबू हुंगायचं, आवळा सुपारी चघळायची, लवंग दाढेखाली धरायची, वर्तमानपत्रावर बसायचं. वर्तमानपत्राचं शास्त्रीय कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही, पण कुंभार्ली घाट चढणाऱ्या एसटीत ते पसरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आता कारण बघा. गाडी वळते, डुलते, ते आपल्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतं. डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीकडे किंवा मोबाइलकडे असतात, आणि ते मेंदूला सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोन उलटसुलट बातम्यांतून मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला ती सहसा होत नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर असते आणि पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. तेव्हा पुढच्या बाजूला बसा, खिडकीतून दूरवर बघा, मोबाइल बॅगेत टाका. निघताना पोट रिकामंही नको आणि मिसळीने भरलेलंही नको. आल्याचा काहींना थोडाफार उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांना होतो असं नाही. आलेपाक खुशाल चघळा. ज्यांना नेहमीच त्रास होतो त्यांनी डॉक्टरला विचारून गोळी घ्यावी, पण ती गाडी निघण्याआधी अर्धा ते एक तास. पहिली उलटी झाल्यावर घेतलेली गोळी दुसऱ्या उलटीबरोबर बाहेर येते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. दोन वर्षांखालच्या मुलांना तर मुळीच देऊ नयेत.

इथे मुदतीचा प्रश्न फारसा येत नाही. घाट उतरला की त्रास थांबतो. नाही थांबला, डोकं प्रचंड दुखत राहिलं किंवा छातीत दुखून घाम फुटला, तर ती 'गाडी लागणं' नव्हे. साठीच्या माणसाला घाटात मळमळ आणि घाम सुटला, तर लिंबू हुंगवण्याआधी छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात काही होतंय का, एवढं तरी विचारा.

जुलाबांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे बटव्यातली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वस्तू शेजारीशेजारी असतात.

वाईट वस्तू म्हणजे जायफळ. रामेश्वरच्या गाडीत आमच्याच डब्यात एक कुटुंब होतं, बरोबर दीड वर्षाची मुलगी. सकाळपासून तिला सात-आठ पातळ जुलाब झाले होते. तिच्या पणजीने दुधात जायफळ उगाळून दोनदा चाटवलं. दुपारी पोरगी शांत झोपली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. आईने मला सहज बोलता बोलता सांगितलं, आणि मी उठून बघायला गेले. मुलीचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश मागे जात होती. लंगोट सकाळपासून लघवीने ओला झालेला नव्हता. आता सांगा, ही झोप जायफळाची की अंगातलं पाणी संपल्याची? मलाही तिथे उभं राहून ते सांगता आलं नसतं. जायफळाचा हाच धोका आहे. श्रीखंडात पडतं तेवढ्याने काही होत नाही, पण जास्त प्रमाणात ते मेंदूवर परिणाम करतं, लहान मुलाला गुंगी आणतं. जुलाब झालेल्या मुलाची गुंगी ही आमच्यासाठी धोक्याची पहिली घंटा असते. तीच घंटा या उपायाने बंद पडते. पूर्वी बाळगोळीत अफू असायची, तिचाही प्रकार असाच: रडं थांबायचं, आजार चालूच. दुकानातून विचारता विकत मिळणाऱ्या जुलाब बंद करायच्या गोळ्याही याच पंगतीतल्या. मोठ्या माणसाने, ताप किंवा शौचातून रक्त नसेल तर, लांबच्या प्रवासात एखादी घेणं ठीक. लहान मुलांना नाही.

आणि चांगली वस्तू म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. लोकांना हा 'घरगुती' म्हणून दुय्यम उपाय वाटतो. सलाइन लावलं म्हणजे खरे उपचार झाले, अशी आपली समजूत. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी सीमेजवळच्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांची मिश्रणं तयार करून ती पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावली, तीही बहुतेक नातेवाइकांच्याच हातून. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे चालतं कसं, तर जुलाबातही आतड्याची एक वाट उघडी राहते. त्या वाटेने साखर आणि मिठातलं सोडियम हातात हात घालूनच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. नुसतं पाणी किंवा नुसती साखर ते काम करत नाही. म्हणून प्रमाण महत्त्वाचं: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रवासात माप शोधायला नको, पाण्याची एक लिटरची बाटली सगळीकडे मिळते. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

तयार पाकीट मिळालं तर ते अधिक चांगलं, त्यात पोटॅशियमही असतं. फक्त ते किती पाण्यात घालायचं हे पाकिटावर वाचा. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजणारे लोक मला दर उन्हाळ्यात भेटतात. रंगीत खोक्यांतली गोड पेयं आणि शीतपेयं हा पर्याय नव्हे. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी, जुलाब वाढतात. भाताची मीठ घातलेली पेज मात्र उत्तम, आणि ती कोणत्याही धाब्यावर सांगून करून मिळते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करायचं नाही.

त्या मुलीला आम्ही चमच्याने पाणी पाजायला सुरुवात केली. एकेक चमचा, मिनिटा-दोन मिनिटांनी. पहिले काही चमचे ओघळून गेले. मग ती गिळायला लागली. पणजीबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, हात तुमचाच लागेल, माझ्याकडून ती घेत नाही." ते खरंही होतं. पुढच्या मोठ्या स्टेशनवर रेल्वेचे डॉक्टर डब्यात येतील अशी टीसींकडून व्यवस्था केली होती. त्यांनी मुलीला तपासलं आणि कुटुंबाला तिथेच उतरवून घेतलं. दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. मागून तिचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत.

तर जुलाबांची मुदत अशी: मुलाने सहा तासांत लघवी केली नाही, पाणी पोटात ठरत नाही, शौचातून रक्त आलं, ते मलूल झालं किंवा पाणी प्यायलाच तयार नाही, यातलं एक जरी झालं तरी प्रवास थांबवायचा. तिकीट वाया जातं, जाऊ द्या.

दातदुखीवर फार बोलत नाही. लवंगेतलं युजेनॉल खरोखर बधिरता आणतं, दातांचे डॉक्टरही ते वापरतात. लवंग दाढेखाली धरा, तेलाचा थेंब कापसावर घेऊन लावा, हिरडीवर ओतू नका, भाजते. गाल सुजला किंवा ताप आला की लवंगेचं काम संपलं. ओवा पोटातल्या वाऱ्याला चांगला. उन्हाळ्यात खिशात ठेवलेल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही, पण कैरीचं पन्हं मीठ घातलेलं असतं म्हणून उपयोगी पडतं. मात्र उन्हाने माणूस बरळायला लागला आणि अंग तापलेलं असलं तर पन्हं तोंडात ओतू नका, ठसका लागेल. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. तिथे मुदत शून्य मिनिटांची.

पायांबद्दल एक गोष्ट मधुमेह असलेल्यांसाठी. दिवसभर चालल्यावर गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसणं किती सुखाचं असतं ते मला ठाऊक आहे. पण मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची जाणीव गेली आहे, त्यांना पाणी किती गरम आहे हे कळत नाही. वारीच्या दिवसांत अशा पाण्याने सोलवटलेले पाय मी पाहिले आहेत. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून आलेले फोड तर दरवर्षी बघते. पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी कोपराने तपासून घ्या, प्रदक्षिणा पहाटे घाला, आणि झोपण्यापूर्वी तळवे कोणाकडून तरी बघून घ्या. भेगांना कोकमाचं तेल छान, फोडाला सुई-दोरा नको.

आता कापूर.

चारधामला निघण्याआधी मंडळाच्या गटावर निरोप फिरत होता: कापराची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो. प्रत्येकीच्या गळ्यात पुरचुंडी होती, आईच्यासुद्धा. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. कापूर हुंगला की नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा चाळवतात आणि श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं. वाटतं, होत नाही. मी बरोबर ऑक्सिमीटर नेला होता. आईच्या बोटाला लावला, ८६. तिला मिनिटभर कापूर हुंगायला लावला, पुन्हा ८६. "बघ," मी म्हटलं. "बरं वाटतंय पण," आई म्हणाली. यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि बरं वाटण्याला माझी हरकतही नव्हती.

हरकत दुसऱ्या दिवशी आली. आमच्यातले एक काका आदल्या दिवशी हेलिकॉप्टरने वर आले होते. काही मिनिटांत दोन हजार मीटरची उंची. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. संध्याकाळपासून त्यांचं डोकं दुखत होतं, जेवले नाहीत, रात्री एक उलटी झाली. काकू रात्रभर त्यांना कापूर हुंगवत होत्या, अधूनमधून लसणाची पाकळी चावायला देत होत्या. सकाळी पाच वाजता काकूंनी दार वाजवलं ते औषधासाठी नाही, "हे बूट उलटे घालतायत, जरा बघ ना," म्हणून. मी काकांना फरशीच्या रेषेवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ते भिंतीवर गेले. दारू न पिणारा माणूस उंचीवर झिंगल्यासारखा चालला, की मेंदूला सूज येऊ लागली आहे असंच समजायचं. त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. गोळ्या आणि ऑक्सिजन हे खाली पोहोचेपर्यंतचे आधार.

त्या सकाळी साडेसहाला त्यांचा अभिषेक होता. काकूंनी त्यासाठी चार वर्षं पैसे साठवले होते. "दोन तासांचा तर प्रश्न आहे गं," त्या म्हणाल्या. "देवाच्या दारात काय होणार?" त्यांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हटलं. तिथल्या वैद्यकीय केंद्रात ऑक्सिजन आणि इंजेक्शन दिलं गेलं. हवा स्वच्छ होती म्हणून पहिल्याच फेरीत काका खाली गेले. संध्याकाळी गुप्तकाशीला ते खिचडी खात होते आणि आपल्याला इथे का आणलं, असं विचारत होते. काकू माझ्याशी बद्रीनाथपर्यंत बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

कापूर हुंगल्याने काकांना अपाय झाला नव्हता. गेली ती रात्र. उंचीवर डोकेदुखीबरोबर मळमळ आली की तिथून वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची. त्रास वाढला, तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्याजागी धाप लागली की रात्र असो, अभिषेक असो, खाली. शक्य असेल तर मुळात सावकाश चढा: ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको. आधीपासून घ्यायची गोळी असते, ती निघण्यापूर्वी डॉक्टरकडून लिहून घ्या आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसं सांगा. आणखी एक, कापूर खायचा कधीच नाही. लहान मुलाने थोडासा गिळला तरी झटके येऊ शकतात. ती पुरचुंडी नातवंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

काही उपायांना मात्र पाच मिनिटांचीही मुदत देता येत नाही. कुत्रं किंवा माकड चावलं की गावोगावी तिखट, चुना, हळद भरतात. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. पुढचे डोस दुसऱ्या गावात घेता येतात, कार्ड जपा. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही, जवळजवळ कधीच. किल्ल्यावर विंचू चावला तर चिंचोका उगाळून चिकटवत बसू नका. कोकणातल्या लाल विंचवाने माणसं दगावत, विशेषतः मुलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू कसे टळतात हे दाखवून दिलं. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही वेळ थोडा असल्याची खूण. हे औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळतं, किल्ल्यावर नाही, म्हणून आधी उतरायला लागा.

यंदा मंडळ द्वारकेला निघालं आहे. आईने बटवा भरताना मला हाक मारली. ओवा, लवंगा, सुंठ, आलेपाक ठेवलं. मीठ-साखरेच्या पाकिटांची दहा नगांची माळ, थर्मामीटर, पट्ट्या, साबणाची वडी भरली. प्रत्येकीच्या रोजच्या गोळ्यांचे दोन संच केले, एक मोठ्या बॅगेत, एक हातातल्या पिशवीत, आणि चिठ्ठीची झेरॉक्स. पिशव्या हरवतात. जायफळ आईने स्वतःच बाजूला काढलं. कापराची डबी मात्र पुन्हा आत टाकली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आरतीला लागतो."